चाळीची गॅलरी, खिडकीचे ग्रिल : मुंबईत कुंडीतील झाडांची सुरुवात कशी करावी?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील वाचकांचे प्रश्न वेगवेगळे असले तरी तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "आमच्याकडे झाड जगतच नाही. तुळससुद्धा महिन्याभरात वाळते." त्यापुढे हमखास येणारे वाक्य म्हणजे, "आमच्या हातालाच गुण नाही."

हाताच्या गुणाचा इथे काही संबंध नाही. कुंडीतील झाडे मरण्याची मुख्य कारणे दोन. जागेला मिळणाऱ्या उन्हाचा विचार न करता रोप आणले जाते आणि माती ओली असतानाही रोज पाणी घातले जाते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पाच-सहा नेहमीची झाडे कोणालाही सहज जगवता येतात. या लेखात नवशिक्यांसाठी त्याचीच क्रमवार माहिती दिली आहे.

१. आधी ऊन मोजा, मग रोप आणा

रोप विकत घेण्यापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गॅलरीत किंवा खिडकीत नेमके कुठे ऊन येते ते पाहून लिहून ठेवा. समोरची इमारत जवळ असेल तर एकाच चाळीत तळमजला आणि तिसरा मजला यांच्या उन्हात मोठा फरक असतो. शेजाऱ्यांकडे जास्वंद फुलते म्हणून तुमच्याकडेही फुलेल असे नाही.

मुंबईत एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी लागते. आपले शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच खाली उतरलेला असतो. याचा परिणाम असा :

- पूर्वेकडील खिडकी : वर्षभर सकाळचे कोवळे ऊन. नवशिक्यांसाठी सर्वांत चांगली जागा.
- पश्चिमेकडील खिडकी : दुपारनंतरचे कडक ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पाने करपतात आणि पावसाळ्यात झड थेट कुंड्यांवर येते.
- दक्षिणेकडील खिडकी : हिवाळ्यात आतपर्यंत ऊन येते, पण मे महिन्यात सूर्य डोक्यावर गेल्याने छज्जाची सावली पडते.
- उत्तरेकडील खिडकी : हिवाळ्यात थेट ऊन जवळजवळ नाही. उन्हाळ्यात थोडे मिळते.

म्हणजे डिसेंबरात ऊन पाहून दक्षिणेच्या खिडकीत आणलेल्या जास्वंदीला मे महिन्यात कळ्या येत नसतील, तर खत वाढवून उपयोग नाही. तिची जागा बदलावी लागते. हलवता येईल एवढीच कुंडी घ्या असे आम्ही सुचवतो, ते यासाठीच.

२. उन्हाप्रमाणे झाडांची निवड

चार ते सहा तास थेट ऊन असेल तर : तुळस, जास्वंद, मोगरा, सदाफुली, कढीपत्ता, गवती चहा, मिरची.

दोन-तीन तास ऊन किंवा भरपूर उजेड असेल तर : पानओवा, पुदिना, कोरफड, विड्याच्या पानांचा वेल, अळू.

थेट ऊन नाही, पण उजेड आहे : मनी प्लांट, स्नेक प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. "उजेड" म्हणजे दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता यावे इतका. तेवढाही नसेल तर तिथे झाड ठेवू नका.

पहिल्या वर्षी तीनच झाडे घ्या. पूर्वेची गॅलरी असेल तर तुळस, सदाफुली आणि पानओवा. सावलीची खोली असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि सिंगोनियम. गुलाबापासून सुरुवात करू नका. हातगाडीवरचा फुलांनी भरलेला गुलाब घरी आल्यावर महिनाभरात वाळण्याचे प्रमाण मोठे आहे. त्याला भरपूर ऊन, हवा, वेळेवर छाटणी आणि कीडनियंत्रण लागते. हे सगळे दुसऱ्या वर्षी जमेल.

रोप निवडताना फुले मोजू नका. नवीन पालवी आहे का, खोड हलवल्यावर मातीत घट्ट बसते का आणि पानांची खालची बाजू स्वच्छ आहे का हे पाहा. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर ते रोप घेऊ नका, नाहीतर घरातल्या बाकीच्या झाडांनाही कीड लागेल. एकाच जागी अनेक प्रकारची झाडे पाहायची असतील तर भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, एक फेरी मारा. कोणते झाड उन्हात लावले आहे आणि कोणते मोठ्या झाडाच्या सावलीत, हे पाहूनच बरेच शिकता येते.

३. कुंडी आणि तिचे वजन

कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. तुळशीची अनेक सिमेंटची आणि पितळेची लहान वृंदावने छिद्राविना मिळतात. अशा वृंदावनात थेट माती भरू नका. छिद्र पाडून घ्या किंवा छिद्र असलेल्या लहान कुंडीत तुळस लावून ती कुंडी वृंदावनात ठेवा आणि आत साचलेले पाणी काढत राहा.

- पानओवा, सदाफुली, मनी प्लांट : ६ ते ८ इंची कुंडी
- तुळस, पुदिना, मिरची : ८ ते १० इंची कुंडी
- जास्वंद, मोगरा, कढीपत्ता : सुरुवातीला १० इंची, दीड-दोन वर्षांनी १२ ते १४ इंची कुंडी

जुन्या इमारतींत वजनाचा विचार टाळू नका. १२ इंची कुंडीत साधारण १२ ते १४ लिटर माती बसते. नुसत्या मातीने भरलेली अशी कुंडी पाणी घातल्यावर २० किलोच्या पुढे जाते. अशा दहा कुंड्या ओळीने ठेवल्या तर लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या गॅलरीवर दोनशे किलोंचा कायमचा भार पडतो, शिवाय पाझरणाऱ्या पाण्याने लाकूड आणि लोखंड कुजते ते वेगळेच. हलके मिश्रण वापरल्यास हे वजन साधारण एक तृतीयांशाने कमी होते. तडे गेलेल्या, टेकू दिलेल्या किंवा धोकादायक ठरवलेल्या गॅलरीत कुंड्या ठेवूच नका. कठड्यावर आणि ग्रिलच्या बाहेरच्या कडेला कुंडी मोकळी ठेवू नये. वाऱ्याने ती खाली चालणाऱ्याच्या डोक्यात पडू शकते. सामायिक गॅलरीत जाण्या-येण्याची वाट मोकळी ठेवा.

४. मातीचे मिश्रण

नर्सरीतून येणारी बहुतेक रोपे चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. तोच गोळा पावसात भिजला की आठवडाभर ओला राहून मुळे कुजतात. "पाणी घातले तरी वाळले" आणि "पाणी घातले म्हणून कुजले" या दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याचदा या गोळ्यात असते.

रोप आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. आठ-दहा दिवस सावलीच्या जागी ठेवून त्याला घरच्या हवेची सवय होऊ द्या. नंतर गोळा थोडा भिजवून बाहेरची अर्धा-पाऊण इंच माती बोटांनी हलकेच मोकळी करा आणि रोप पुढील मिश्रणात लावा :

- १ भाग लाल माती
- १ भाग गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत
- १ भाग भिजवून मोकळे केलेले कोकोपीट
- १० इंची कुंडीस एक मूठ निंबोळी पेंड

कोरफड आणि स्नेक प्लांटसाठी कोकोपीट वगळून त्याऐवजी जाड वाळू किंवा बारीक खडी घाला. गिरगाव किंवा दादर चौपाटीची वाळू वापरू नका, तिच्यातील मिठाने मुळे जळतात. कुंडी काठोकाठ न भरता वरची एक इंच जागा रिकामी ठेवा, म्हणजे पाणी बाहेर सांडत नाही.

५. पाणी : घड्याळ बघून नव्हे, माती बघून

चाळीत पाण्याची वेळ ठरलेली असते. त्यामुळे नळाला पाणी आले की पिंपे भरायची आणि त्याच वेळी झाडांनाही घालायचे अशी सवय पडते. पाणी साठवा खुशाल, पण झाडाला घालण्याआधी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत सावकाश पाणी द्या. रोज अर्धा पेला घालण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर पाणी देणे चांगले. अर्ध्या पेल्याने वरचा थर ओला दिसतो, पण खालची मुळे तहानलेलीच राहतात.

साधारण अंदाज असा, पण शेवटचा निर्णय बोटाचा :

- मार्च ते मे आणि ऑक्टोबर : उन्हातील कुंड्यांना रोज, सावलीतील कुंड्यांना दोन-तीन दिवसांनी
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : उन्हातील कुंड्यांना एक-दोन दिवसांआड, सावलीतील कुंड्यांना आठवड्यातून एकदा
- जून ते सप्टेंबर : झड लागणाऱ्या कुंड्यांना वरून पाण्याची गरज क्वचितच. आतल्या कुंड्यांना तपासूनच

पान मलूल झाले की पाणी घालण्याची घाई नको. आधी माती पाहा. माती कोरडी आणि पाने मलूल असतील तर झाडाला तहान लागली आहे, पाणी द्या. माती ओली असूनही पाने मलूल असतील तर मुळे कुजू लागली आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे झाड मारणेच. पाणी थांबवा, झाड वाऱ्याच्या जागी ठेवा आणि मातीला आंबूस वास येत असेल तर रोप काढून काळी, मऊ मुळे कापून नव्या मिश्रणात लावा.

खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळले की भांडण ठरलेले. कुंडीखाली ताटली ठेवा आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा.

६. ताटलीतले पाणी आणि डेंग्यू

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा आहेत. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून सर्व ताटल्या ओता आणि घासून धुवा. नुसते पाणी ओतणे पुरत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. बाटलीतले पाणीही त्याच दिवशी बदला. शक्य असेल तर जून ते ऑक्टोबर ताटल्या काढूनच ठेवा. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पाहणीला आले तर त्यांना गॅलरीतील कुंड्याही तपासू द्या.

७. नेहमीच्या पाच झाडांची काळजी

तुळस : रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याची पद्धत लहान कुंडीतल्या तुळशीला सोसत नाही. माती ओली असेल तेव्हा पळीभर पाणी घालून पूजा करा, उरलेले दुसऱ्या कोरड्या कुंडीला द्या. दूध, हळद-कुंकू आणि अक्षता थेट मातीत न टाकता बाजूला लहान वाटी ठेवा. त्यांचा मातीवर थर बसतो आणि मुंग्या येतात. मंजिऱ्या दिसू लागल्या की खुडा, म्हणजे झाड पसरते. कुंडीतील तुळस साधारण दोन-तीन वर्षे टिकते, नंतर खोड लाकडासारखे होऊन पाने विरळ होतात. हे तिचे आयुष्यमान आहे, यात तुमचा दोष नाही. काही मंजिऱ्या वाळू देऊन बी ठेवा आणि दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन नवी रोपे तयार करा.

जास्वंद : फुले नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना येतात, म्हणून वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या सुमारास, फांद्यांचा एक तृतीयांश भाग छाटा. कळ्या गळण्याची नेहमीची कारणे म्हणजे अपुरे ऊन, पाण्यात खंड आणि रस शोषणारी कीड. लाल गावठी जास्वंद रंगीत संकरित जातींपेक्षा काटक असते. सुरुवात तिच्यापासून करा.

मोगरा : डिसेंबरअखेर ते जानेवारी पाणी कमी करा, जुन्या फांद्या निम्म्यावर छाटा आणि उरलेली जुनी पाने काढा. फेब्रुवारीत माती उकरून दोन मुठी शेणखत द्या आणि नियमित पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. छाटणी न केलेला मोगरा नुसता वेलीसारखा वाढतो.

कढीपत्ता : पहिले वर्ष वाढ फार सावकाश असते, धीर धरा. डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून गळणे साधारण नेहमीचे आहे. त्या काळात पाणी आणि खत वाढवू नका. फोडणीसाठी एकेक पान न ओरबाडता शेंड्याची डहाळी खुडा, तिथे दोन नवे फुटवे येतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची असते. हाताने उचलून बाजूला करा, फवारणी नको.

मनी प्लांट : पेर असलेला तुकडा पाण्यात किंवा मातीत लावला तरच मुळे फुटतात, नुसत्या पानाला वेल येत नाही. हे झाड विषारी आहे, म्हणून लहान मुले आणि मांजरे तोंडात घालणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

८. खत

महिन्यातून एकदा १० इंची कुंडीस दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. एवढे बहुतेक झाडांना पुरते. फुलझाडांना वाढीच्या काळात १५ दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात देता येते. खत नेहमी ओल्या मातीत द्यावे. आजारी किंवा नुकत्याच लावलेल्या झाडाला खत देऊ नये.

दूध-साखरेच्या चहाचा चोथा तसाच घातला तर बुरशी आणि मुंग्या येतात. तो धुऊन, वाळवून थोडाच वापरा. भाज्यांची साले थेट कुंडीत टाकू नका. चाळीत उंदीर आणि झुरळे बोलावण्याचा तो सोपा मार्ग आहे.

९. कीड

कापसासारखी पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण, तर कोवळ्या शेंड्यांवरची हिरवी-काळी बारीक कीड म्हणजे मावा. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पिठ्या ढेकूण थोडेच असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. जास्त असतील तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही, सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारा. एकाच फवारणीने कीड जात नाही, कारण अंडी मागे राहतात. तुळस, पुदिना, कढीपत्ता यांची पाने खाल्ली जातात. त्यांच्यावर रासायनिक कीटकनाशके वापरू नका. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर कीड शोधा, मुंग्या तिच्या गोड चिकट द्रवासाठी येतात.

१०. चाळीतून टॉवरमध्ये जाताना

पुनर्विकासामुळे या भागातील अनेक कुटुंबे गॅलरीच्या घरातून बंद खिडक्यांच्या उंच इमारतीत जात आहेत. वर्षानुवर्षे सांभाळलेली तुळस किंवा जास्वंद नव्या घरी महिन्याभरात मान टाकते, तेव्हा वाईट वाटणे साहजिक आहे. हे टाळण्यासाठी जाण्याच्या महिनाभर आधी जास्वंद आणि मोगऱ्याच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा इंची दोन-तीन काड्या वेगळ्या लावून ठेवा. तुळशीचे बी जपा. मूळ झाड गेले तरी वंश टिकतो. नव्या घरातले ऊन पुन्हा पहिल्यापासून मोजा. वरच्या मजल्यावर वारा जोराचा असल्याने माती लवकर वाळते आणि उंच झाडे कोलमडतात, म्हणून झाड थोडे छाटून काठीचा आधार द्या. सावलीतले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नका. रोज तासाभराने ऊन वाढवत दोन आठवड्यांत सवय लावा. खिडकीत पुरेसे ऊन नसेल तर जास्वंदीचा हट्ट न धरता ती गच्ची असलेल्या नातेवाइकाला द्या आणि स्वतःसाठी उजेडात वाढणारी झाडे निवडा.

थोडक्यात

- ऊन पाहून झाड निवडा. पहिल्या वर्षी तीनच झाडे.
- छिद्राची कुंडी, हलके मिश्रण, वजनाचा विचार.
- बोट मातीत खुपसल्याशिवाय पाणी नाही.
- आठवड्यातून एकदा ताटल्या घासून कोरड्या.
- पान मलूल दिसले की आधी माती पाहा, मग उपाय.

एखादे झाड तरीही गेले तर कुंडी उलटी करून मुळे पाहा. काळी आणि मऊ असतील तर पाणी जास्त झाले. कोरडी आणि ठिसूळ असतील तर पाणी आतपर्यंत पोहोचलेच नाही. हे पाहून मग दुसरे रोप लावा, म्हणजे तीच चूक पुन्हा होणार नाही.